होमिनिड की होमिनिन? : वाचकांचे प्रश्न

माणसाच्या नामशेष भाऊबंदांविषयी आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते: शाळेत शिकलेली नावं आता पुस्तकांत सापडत नाहीत, आणि नव्या नावांचा मेळ जुन्यांशी लागत नाही. त्यामुळे या वेळी नावांविषयीचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडच्या १९८५ सालच्या पुस्तकात ‘होमिनिड’ आहे, नव्या पुस्तकात तिथेच ‘होमिनिन’ आहे. ही छपाईची चूक आहे का? परीक्षेत काय लिहायचं? (स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

छपाईची चूक नाही. दोन्ही पुस्तकं एकाच गटाबद्दल बोलत आहेत. मधल्या काळात त्या गटाच्या कुळाची मांडणी बदलली, म्हणून शब्द बदलला.

जुनी मांडणी अशी होती: माणूस आणि त्याचे नामशेष भाऊबंद एका कुळात, त्या कुळाचं नाव होमिनिडी. ओरँगउटान, गोरिला आणि चिंपांझी दुसऱ्या कुळात, त्याचं नाव पाँजिडी. दिसायला हे सरळ होतं. तिघांच्या अंगावर केस, तिघांचे हात लांब, माणूस वेगळा. पण १९६३ साली मॉरिस गुडमन यांनी रक्तातली प्रथिनं ताडून पाहिली, तेव्हा चिंपांझी आणि गोरिला ओरँगउटानपेक्षा माणसाला जवळचे निघाले. १९६७ साली व्हिन्सेंट सारिच आणि ॲलन विल्सन यांनी अल्ब्युमिन या प्रथिनातल्या फरकावरून हिशेब मांडला की माणूस आणि चिंपांझी यांची वाट फुटून साधारण ५० लाख वर्षंच झाली. त्या काळी हा आकडा फार लहान वाटला. पुढे डीएनएच्या अभ्यासाने नात्याचा क्रम पक्का केला: चिंपांझी आपला सख्खा भाऊ, गोरिला चुलत, ओरँगउटान त्याहून दूरचा.

आता भावकीच्या हिशेबाने पाहा. सख्ख्या, चुलत आणि दूरच्या भावाला एका घरात घालायचं आणि सख्ख्याच्या सख्ख्या भावाला वेगळं कुळ द्यायचं, हे चालत नाही. म्हणून सगळे होमिनिडी या एकाच कुळात आले. साहजिकच ‘होमिनिड’ म्हटलं की आता त्यात ओरँगउटानही येतो. फक्त माणसाच्या बाजूच्या फांदीसाठी खालच्या पायरीवरचा शब्द घ्यावा लागला, तो ‘होमिनिन’. कुळाखाली उपकुळ असतं आणि उपकुळाखाली ट्राइब नावाची पायरी असते. तिथला हा शब्द आहे.

काही अभ्यासक त्या पायरीवर चिंपांझीलाही बसवतात, म्हणून कामाची व्याख्या अशी लक्षात ठेवा: चिंपांझीपासून वाट फुटल्यानंतर माणसाच्या बाजूला जे जे झाले, ते सगळे होमिनिन. लूसी (३२ लाख वर्षांपूर्वीचा प्रसिद्ध सांगाडा) होमिनिन आहे, निअँडरथल होमिनिन आहे, तुम्ही-आम्हीही होमिनिन आहोत.

परीक्षेत ‘होमिनिन’ लिहा. जुनं पुस्तक वाचताना आधी छपाईचं साल पाहा. १९९० च्या आधीचं असेल तर ‘होमिनिड’च्या जागी मनातल्या मनात ‘होमिनिन’ वाचायला हरकत नाही. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत दोन्ही वापर शेजारी-शेजारी चालले, तेव्हा वाक्यातल्या काळावरून ठरवा. ‘पहिले होमिनिड सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीचे’ असं लिहिलं असेल तर तो जुना अर्थ आहे, कारण नव्या अर्थाने होमिनिड कुळ याच्या दुपटीने तरी जुनं निघतं.

एक अडचण आपल्या लिपीची आहे. रोमन लिपीत उपकुळाचं आणि ट्राइबचं नाव शेवटच्या अक्षरांवरून वेगळं ओळखू येतं. देवनागरीत दोन्ही ‘होमिनिनी’ होऊन बसतात. म्हणून मराठीत लिहिताना नुसतं नाव देऊ नका. ‘होमिनिनी उपकुळ’ किंवा ‘होमिनिनी ट्राइब’ असं पायरीसकट लिहा.

प्रश्न : बातम्यांत ‘मानवाची नवी प्रजाती सापडली’ असं येतं. आम्ही शाळेत ‘प्रजाती’ म्हणजे वरची पायरी आणि ‘जाती’ म्हणजे खालची असं शिकवतो. बरोबर काय? (विज्ञान शिक्षक, सांगली)

तुम्ही शिकवता ते बरोबर. मराठीतला क्रम सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती असा आहे. ‘होमो’ ही प्रजाती, ‘इरेक्टस’ हा जातिवाचक भाग. हिंदीत मात्र खालच्या पायरीला ‘प्रजाति’ आणि वरच्या पायरीला ‘वंश’ म्हणतात. हिंदीवरून झपाट्याने उतरवलेली बातमी मराठीत आली की ‘प्रजाती’ एक पायरी खाली घसरते.

मानवाच्या इतिहासात हा घोळ महागात पडतो, कारण इथे दोन्ही पायऱ्यांवर बदल होतात. इथिओपियातल्या अरामिस इथे टिम व्हाइट, गेन सुवा आणि बेरहाने अस्फॉ यांना ४४ लाख वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले. १९९४ साली त्यांनी नाव दिलं ऑस्ट्रेलोपिथेकस रॅमिडस. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःच ते आर्डिपिथेकस रॅमिडस केलं. इथे जाती तीच राहिली, प्रजाती बदलली. याउलट २०१५ साली होमो नालेदी जाहीर झाला तेव्हा प्रजाती जुनीच होती, जाती नवी. बातमीत दोन्हींना ‘नवी प्रजाती’ म्हटलं तर वाचकाला काहीच कळत नाही.

प्रजाती बदलली आहे का, हे ओळखण्याची सोपी खूण सांगतो. शास्त्रीय नावापुढे नाव देणाऱ्याचं आडनाव आणि साल असतं. ते कंसात असेल तर समजा, मूळ नाव दुसऱ्या प्रजातीत होतं. मेरी लीकी यांना १७ जुलै १९५९ रोजी टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत कवटी मिळाली. लुई लीकी यांनी तिला झिंजान्थ्रोपस बॉइसी म्हटलं. आता ती बहुतेक ठिकाणी ‘पॅरान्थ्रोपस बॉइसी (लीकी, १९५९)’ अशी छापतात. कंस आहे, म्हणजे घर बदललंय. ‘होमो हॅबिलिस लीकी, टोबायस आणि नेपियर, १९६४’ इथे कंस नाही. हे नाव जन्मापासून त्याच घरात आहे.

प्रश्न : रामापिथेकस हा माणसाचा पहिला पूर्वज, तोही भारतातला, असं आम्ही पाठ केलं होतं. तो गेला कुठे? (निवृत्त मुख्याध्यापक, सातारा)

तो शिवापिथेकस या नामशेष कपीत (कपी म्हणजे चिंपांझी, गोरिला, ओरँगउटान यांसारखे बिनशेपटीचे प्राणी) विलीन झाला आणि माणसाच्या फांदीवरून ओरँगउटानच्या फांदीकडे गेला. हे कसं घडलं ते सविस्तर सांगायला हवं, कारण अवशेषांचा अर्थ लावताना चूक कुठे होते हे इथे जवळून दिसतं.

१९३२ साली येल विद्यापीठाचे जी. एडवर्ड लुइस यांना आजच्या हिमाचल प्रदेशातल्या हरितल्यांगर इथे वरच्या जबड्याचा उजवीकडचा एक तुकडा मिळाला. त्यात काही दात होते. १९३४ मध्ये त्यांनी त्याला रामापिथेकस नाव दिलं. शिवालिकच्या टेकड्यांतल्या अवशेषांना देवादिकांची नावं देण्याची तेव्हा पद्धतच पडली होती. ब्रामापिथेकस आणि सुग्रीवपिथेकस ही नावंही लुइस यांचीच.

अडचण त्या तुकड्याच्या आकारात होती. जबडा टाळूच्या मधल्या रेषेपर्यंत पूर्ण असेल तरच दातांची कमान खरी कशी होती ते कळतं. इथे मधली रेषा हातात नव्हती. उरलेली बाजू आरशातल्यासारखी जोडताना ती थोडी बाहेर वळवली की माणसासारखी गोलाकार कमान होते; आत घेतली की कपीसारखी अरुंद होते. १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी ती गोलाकार मानली. शिवाय दाढांवरचं दंतवल्क जाड होतं, सुळा लहान होता. ही माणसाकडची लक्षणं समजून रामापिथेकसला मानवी फांदीच्या मुळाशी बसवलं गेलं, आणि एक कोटी वर्षांहून जुना पूर्वज मिळाला अशी समजूत पाठ्यपुस्तकांत शिरली. सारिच आणि विल्सन यांचा ५० लाखांचा आकडा हाडांच्या अभ्यासकांना पटेना, त्याचं एक मोठं कारण हेच होतं.

१९७३ मध्ये ॲलन वॉकर आणि पीटर अँड्र्यूज यांनी केनियातल्या तशाच जबड्याची जुळणी पुन्हा केली, तेव्हा कमान गोल निघाली नाही. मग पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकसचा जवळजवळ अख्खा चेहरा मिळाला. पिलबीम यांनीच १९८२ साली तो प्रसिद्ध केला. उंच लंबगोल खोबण्या, दोन डोळ्यांमध्ये अगदी कमी जागा, चेहऱ्याचा खोलगट आकार. सगळं ओरँगउटानच्या वळणाचं. ज्यांनी रामापिथेकसला पूर्वज म्हटलं होतं त्यांनीच पुराव्यापुढे ते मागे घेतलं, याबद्दल पिलबीम यांना मान द्यायला हवा. जाड दंतवल्क अनेक जुन्या कपींत असतं, हेही पुढे स्पष्ट झालं.

मग दोन्ही एकच ठरल्यावर ‘शिवा’ का राहिलं आणि ‘राम’ का गेलं? याला निव्वळ नियम कारण आहे. प्राण्यांच्या नामकरणात अग्रक्रमाचं तत्त्व चालतं: एकाच प्राण्याला दोन नावं पडली असतील तर आधी छापलेलं वैध. शिवापिथेकस हे नाव गाय पिलग्रिम यांनी १९१० मध्ये दिलं, रामापिथेकस १९३४ मध्ये आलं.

प्रश्न : जावा मानव, पेकिंग मानव, पिथेकॅन्थ्रोपस, सिनॅन्थ्रोपस आणि होमो इरेक्टस : हे किती जण आहेत? (वाचक, नागपूर)

एकच. यूजीन द्युबॉ यांना जावा बेटावर त्रिनिल इथे १८९१ साली कवटीचं टोपण मिळालं आणि पुढच्या वर्षी मांडीचं हाड. आधी त्यांनी अँथ्रोपोपिथेकस हे नाव वापरलं, १८९४ मध्ये ते पिथेकॅन्थ्रोपस इरेक्टस केलं: ताठ चालणारा कपी-मानव. चीनमधल्या झोउकोउदियानच्या दातावरून डेव्हिडसन ब्लॅक यांनी १९२७ मध्ये सिनॅन्थ्रोपस पेकिनेन्सिस हे नाव दिलं. आफ्रिकेतल्या अवशेषांना टेलॅन्थ्रोपस, ॲटलॅन्थ्रोपस अशी वेगळी नावं पडली. प्रत्येक देशात नवी प्रजाती तयार होत होती. १९५० साली पक्षितज्ज्ञ एर्न्स्ट मायर यांनी विचारलं की पक्ष्यांत एवढ्याशा फरकावर कोणी नवी प्रजाती करत नाही, मग माणसांत का करायची? त्यानंतर हळूहळू ही सगळी मंडळी होमो इरेक्टसमध्ये आली.

‘इरेक्टस’ म्हणजे ताठ, हे नाव त्या मांडीच्या हाडावरून आलं. ते हाड इतकं आजच्या माणसासारखं आहे की ते त्या कवटीच्याच प्राण्याचं होतं का, याबद्दल अनेकांना शंका आहे. तरी नावाला धक्का लागत नाही, कारण नाव कवटीच्या टोपणाला बांधलेलं आहे. अशा आधारभूत नमुन्याला ‘नामप्ररूप’ म्हणतात. नावाचा शब्दार्थ खरा ठरतो का, हे नियम पाहतच नाही.

प्रश्न : रोडेशिया देश आता नाही, पेकिंगचं बीजिंग झालं, मग शास्त्रीय नावं का बदलत नाहीत? (वाचक, पुणे)

कारण ती बदलली तर जुना लेख आणि नवा लेख एकाच हाडाबद्दल बोलतात हे कळायचा मार्ग बंद होईल. १९२१ साली आजच्या झांबियातल्या काब्वे इथे सापडलेल्या कवटीचं नाव होमो रोडेसिएन्सिस. सेसिल ऱ्होड्स या वसाहतवाद्याचं नाव त्यात अडकलं आहे, ही खंत योग्यच आहे. २०२१ मध्ये त्याऐवजी होमो बोडोएन्सिस हे नाव काही संशोधकांनी सुचवलं, पण ते सर्वमान्य झालं नाही. नाव खटकतं एवढ्या कारणाने वैध नाव रद्द करण्याची तरतूद नियमांत नाही.

वाचकाने खरं धरून राहायचं ते नमुना क्रमांकाला. सातबाऱ्यावर फेरफार होऊन मालकाचं नाव बदलतं, गट नंबर तोच राहतो, तसं. केनियातल्या कूबी फोरा इथे १९७२ मध्ये बर्नार्ड एन्गेनेओ यांना सापडलेली कवटी घ्या. तिचा क्रमांक केएनएम-ईआर १४७०. आधी ती होमो हॅबिलिस मानली गेली, १९८६ मध्ये पिथेकॅन्थ्रोपस रुडोल्फेन्सिस, मग होमो रुडोल्फेन्सिस. कोणी तिला केनियान्थ्रोपसमध्येही घालतं. तिचं वयही २६ लाखांच्या पुढे सांगितलं गेलं होतं, ते ज्वालामुखीय राखेची मोजणी सुधारल्यावर १९ लाखांच्या आसपास आलं. क्रमांक मात्र पहिल्या दिवसापासून एकच आहे. त्यातलं ‘ईआर’ म्हणजे ईस्ट रुडोल्फ. तलावाचं नाव १९७५ मध्ये तुर्काना झालं तरी क्रमांकात जुनं नाव तसंच आहे. टिपण काढताना नावाशेजारी क्रमांक लिहायची सवय लावा. लूसीचा एएल २८८-१, झिंजचा (झिंजान्थ्रोपस म्हटलेल्या त्या कवटीचा) ओएच ५.

प्रश्न : निअँडरथल की निअँडरटाल? (वाचक, मडगाव)

जर्मन उच्चार ‘टाल’ आहे, अर्थ दरी. १९०१ च्या शुद्धलेखन सुधारणेत जर्मनांनी त्या शब्दातला निरुपयोगी ‘एच’ काढला. पण विल्यम किंग यांनी १८६४ मध्ये छापलेलं होमो निअँडरथालेन्सिस हे शास्त्रीय नाव आहे त्याच स्पेलिंगने राहतं. मराठीत ‘निअँडरथल’ रुळलं आहे, ते ठेवायला काहीच हरकत नाही. एका लेखात दोन रूपं नकोत इतकंच.

प्रश्न : नर्मदेच्या मानवाला आता काय म्हणायचं? महाराष्ट्रात असा सांगाडा मिळाला आहे का? (इतिहासाची प्राध्यापिका, अहिल्यानगर)

डिसेंबर १९८२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोरा इथे कवटीचा वरचा भाग मिळाला, त्यातही मुख्यतः उजवी बाजू. त्यांनी नाव दिलं होमो इरेक्टस नर्मदेन्सिस. १९९१ मध्ये केनेथ केनेडी आणि सहकाऱ्यांनी मोजमापं घेऊन तो पुरातन होमो सेपियन्स ठरवला. पुढे ‘पुरातन सेपियन्स’ हा डबाच मोडला आणि त्यातले बरेच नमुने होमो हायडेलबर्गेन्सिसकडे गेले. नर्मदेची कवटीही काही जण तिकडे ठेवतात. जबडा नाही, दात नाहीत, त्यामुळे एका जातीवर बोट ठेवणं कठीण आहे. लेखात ‘हथनोराची कवटी’ लिहा. हे नाव कोणत्याही मताचा पाडाव झाला तरी टिकेल.

महाराष्ट्रातून एवढ्या जुन्या मानवाचं हाड नाही. आहेत ती दगडी हत्यारं. तुमच्याच जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवासे इथे डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया यांनी १९५४ पासून उत्खनन केलं. मध्य पुराश्मयुगातल्या छिलक्यांच्या हत्यारांना ‘नेवासियन’ हे नाव इथूनच पडलं. जवळच चिरकी इथे गुडरून कॉर्व्हिनस यांना त्याहून जुन्या हातकुऱ्हाडी मिळाल्या. हत्यारावरून करणाऱ्याची जाती सांगता येत नाही, म्हणून ‘नेवाशाचा होमो इरेक्टस’ असं लिहू नका. इनामगावचे सांगाडे ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांचे आहेत, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. ती आपल्यासारखीच माणसं.

प्रश्न : ‘आदिमानव’ शब्द वापरावा का? ‘वानरापासून माणूस’ हे तरी बरोबर आहे का? (वाचक, ठाणे)

‘आदिमानव’ फार ऐसपैस आहे. त्यात ३२ लाख वर्षांपूर्वीची लूसीही येते आणि भीमबेटक्याच्या गुहांत चित्रं काढणारी, आपल्याच जातीची माणसंही. बोलताना चालेल, लिहिताना जातीचं नाव द्या. आणि आजच्या कोणत्याही आदिवासी समाजासाठी ‘आदिम’ किंवा ‘आदिमानवासारखे’ हे शब्द अजिबात वापरू नका. पृथ्वीवरचं प्रत्येक जिवंत माणूस होमो सेपियन्स आहे, सारखंच आधुनिक आहे.

मराठीत काळ्या तोंडाचं ते वानर आणि लाल तोंडाचं ते माकड. दोघांना शेपटी असते. चिंपांझी, गोरिला, ओरँगउटान बिनशेपटीचे. त्यांना ‘कपी’ म्हणावं. आपला आणि चिंपांझीचा समाईक पूर्वज कपी होता, पण आजचा चिंपांझी नव्हता. ‘हरवलेला दुवा’ हा शब्दही सोडावा. तो साखळीची कल्पना धरून आला आहे आणि आपल्याकडे आहे तो फांद्यांचा झुबका. ‘पूर्वज’ म्हणतानाही जपा: बॉइसी आपला पूर्वज नाही, भाऊबंद आहे.

प्रश्न : डेनिसोव्हन मानवाला शास्त्रीय नाव का नव्हतं? (वाचक, न्यू जर्सी)

२०१० मध्ये सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेतल्या बोटाच्या एका लहानशा हाडातून डीएनए मिळाला. वर्णन करण्याजोगं शरीर जवळजवळ नव्हतंच, म्हणून नाव न देता गुहेच्या नावाने काम चाललं. २०२१ मध्ये चीनमधल्या हार्बिनच्या कवटीला होमो लाँगी हे नाव मिळालं. २०२५ मध्ये त्याच कवटीतली प्रथिनं आणि दातांवरच्या किटणातला डीएनए तपासल्यावर ती डेनिसोव्हन निघाली. त्यामुळे होमो लाँगी या नावाचं पारडं सध्या जड आहे.

प्रश्न : वर्गात लावलेला वाकलेल्या कपीपासून ताठ माणसापर्यंतचा तक्ता काढून टाकायचा आहे. त्याऐवजी काय लावू? (शिक्षिका, चिपळूण)

दीड मीटर लांबीचा कागद घ्या. २ सेंटिमीटर म्हणजे १ लाख वर्षं हे प्रमाण धरा. उजवं टोक आज; तिथून डावीकडे मोजा. १४० सेंटिमीटरवर चाडमधला साहेलान्थ्रोपस, ८८ वर आर्डिपिथेकस रॅमिडस. लूसीची जाती ऑस्ट्रेलोपिथेकस अफारेन्सिस ७८ पासून ५८ पर्यंत. पॅरान्थ्रोपस बॉइसी ४६ ते २६, होमो इरेक्टस ३८ ते साधारण २, निअँडरथल ८ ते ०.८, आणि होमो सेपियन्स ६ ते शून्य.

प्रत्येकासाठी रंगीत कागदाची वेगळी पट्टी कापा आणि एकाखाली एक लावा. मुलं हमखास पट्ट्या टोकाला टोक जोडतात. मग पुन्हा रांगच तयार होते. बॉइसी आणि इरेक्टस यांच्या पट्ट्या १२ सेंटिमीटर, म्हणजे ६ लाख वर्षं, एकमेकांवर-खाली दिसल्या पाहिजेत. पट्ट्यांमध्ये बाण काढू नका. कोण कोणापासून झालं हे बहुतेक ठिकाणी ठरलेलं नाही. नावं पट्टीवर छापू नका, टाचणीने चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर वर नाव आणि खाली नमुना क्रमांक असू द्या. आणि ‘होमो सेपियन’ असं लिहिलेलं दिसलं तर शेवटचा ‘स’ जोडून घ्या: ‘सेपियन्स’ हे अनेकवचन नाही, त्या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘शहाणा’ आहे.